धाकटीचं पासिंग

काही घराण्यांत भिंतीवर तलवार असते. काहींच्या माळ्यावर मोडी लिपीतली सनद असते, आणि ती घरात कुणालाच वाचता येत नसल्यामुळे तिच्यात किमान दोन गावांचं इनाम लिहिलेलं असतं. आमच्या घराण्यात यांपैकी काही नाही. आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सुतळीने बांधलेली एक फाइल आहे, आणि त्या फायलीत आमच्या पिक-अप गाडीची कागदपत्रं आहेत. सर्वांत जुना कागद १९६७चा. इतिहाससंशोधक 'फारच अर्वाचीन' म्हणून नाक मुरडतील. पण ज्याने सरकारी खिडकीपाशी उभं राहून एका कागदासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला कागद शोधलेला आहे, तो अशा अखंड दफ्तराला वाकून नमस्कार करील.

हा डबा परवा उघडावा लागला, कारण गाडी पासिंगला नापास झाली.

पासिंग म्हणजे जुन्या मालवाहू गाडीची दरसालची सरकारी तपासणी. परीक्षेआधीच तिला 'पासिंग' म्हणून टाकणं हा आपल्या लोकांचा उपजत आशावाद. इन्स्पेक्टरसाहेब तरुण होते, माझ्या मुलाहूनही लहान. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, थोडी चालवून पाहिली, मग ओणवं होऊन मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "काका, ब्रेक बघून घ्या. मग या."

झालं! अठ्ठावन्न वर्षांच्या गाडीला एका बोटाने नापास केलं.

घरी आलो तो तणतणतच. म्हटलं, "ह्यांचे वडील रांगत होते तेव्हापासून ही गाडी रस्त्यावर आहे!" सौ. शांतपणे म्हणाली, "मग ब्रेकही तेव्हाचेच असतील." आमच्या घरात तर्कशास्त्राचं खातं तिच्याकडे आहे. माझ्याकडे इतिहासाचं. तेव्हा या अन्यायाला लेखी उत्तर द्यायचं, आणि तेही पूर्वपीठिकेसकट, असं ठरवून मी डबा उघडला. चार पुस्तकंही जमवली. निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडे राग आणि वेळ दोन्ही एकाच वेळी असले की असं होतं.

आधी गाडीची ओळख करून देतो. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७१ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. तोंड जीपचं, पाठीमागे हौदा आणि त्याला एक फाळका. बॉनेटवरची कंपनीच्या नावाची पट्टी लिलावाआधीच कुणी तरी काढून नेली होती. त्यामुळे गेली पन्नासहून अधिक वर्षं आम्ही या गाडीविषयी जे जे बोललो, ते कुठल्याही कंपनीला लागू होत नाही. घरात मी आणि माझी बहीण अशी दोनच मुलं. अंगणात गाडी आली तेव्हा आई कुंकवाचं बोट लावून म्हणाली, "ही तिसरी. हिलाच जास्त खायला लागणार." तेव्हापासून ती 'धाकटी'. आंब्याच्या दिवसांत धाकटी पेट्या घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूरला जायची आणि येताना गुळाच्या ढेपा घेऊन उतरायची. उरलेल्या वर्षात चिरे, शेणखत, लग्नातली भांडी, आणि भाद्रपदात वाडीचा गणपती.

आता धाकटीची वंशावळ. मोटारीच्या पाठीला हौदा जोडायची कल्पना अमेरिकन शेतकऱ्यांची. ते मोटार घ्यायचे, तिचा मागचा भाग कापायचे आणि तिथे खोकं ठोकायचे. हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५च्या एप्रिलमध्ये हौदा बसवूनच गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. गिऱ्हाइकाने आधी मोडतोड करायची आणि कंपनीने मग शोध लावायचा, असा हा व्यवहार. दुसरी बाजू जीपची. १९४०च्या सप्टेंबरात अमेरिकन लष्कराला तिचा पहिला नमुना मिळाला आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपगाड्या तयार झाल्या. युद्ध संपलं, गाड्या उरल्या. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत सुट्या भागांच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात झाली. म्हणजे धाकटीच्या आईकडचे शेतकरी आणि वडिलांकडचे लष्करी. स्वभावाचा उलगडा तिथे होतो. ओझं ती मुकाट्याने ओढते, पण सकाळी सुरू व्हायचं की नाही याचा हुकूम तिला वरून यावा लागतो.

वंश ठरला. आता सरकारचा संबंध काय, ते पाहू.

गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारला विचारून, ही कल्पना पेट्रोलच्या मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला की, वाफेचं वाहन रस्त्यावर आणायचं असेल तर त्याच्यापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल बावटा घेऊन चालायचं. वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन. बावटेवाल्याला दमा असेल तर गाडीनेही दमानेच घ्यायचं! १८७८ मध्ये बावट्याची सक्ती गेली, माणूस तेवढा उरला. त्याचं अंतर वीस यार्डांवर आलं. १८९६ मध्ये माणूसही गेला आणि मोटारवाल्यांनी नोव्हेंबरात लंडनपासून ब्रायटनपर्यंत आनंदाने मिरवणूक काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक बाई मोटारीखाली सापडून दगावली होती. पेट्रोलच्या मोटारीने पायी चालणाऱ्या माणसाचा घेतलेला इंग्लंडातला तो पहिला बळी. हे वाक्य मी त्या दिवशी भरभर ओलांडलं. मला माझ्या बाजूचे पुरावे हवे होते.

नंबरप्लेटचा मान पॅरिसच्या पोलिसांचा. १८९३ साली त्यांनी मोटारीवर नंबर लावायचा हुकूम काढला. आपल्याकडे १९१४ साली सबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा झाला. त्यात कलमं होती फक्त अठरा. भगवद्गीतेचे अध्यायही तेवढेच. माणसाला पुरावं इतकं ज्ञान त्यात बसत असावं. मग १९३९चा कायदा आला आणि त्याच्या ३८व्या कलमाने मालवाहू आणि भाड्याच्या गाड्यांना तंदुरुस्तीचा दाखला सक्तीचा केला. त्याच कायद्यातली विम्याची सक्ती मात्र १ जुलै १९४६पासून अमलात आली. पुढे १९८८चा कायदा, अंमल १ जुलै १९८९पासून. ३८वं कलम जाऊन ५६वं आलं, धाकटी तीच राहिली. आताच्या या कायद्यात कलमं दोनशे सतरा, आणि त्यांना फुटलेल्या पोटकलमांच्या पारंब्या वेगळ्या.

आमच्या फायलीत हा सगळा इतिहास पावत्यांच्या रूपाने आहे. १९७४चा एक कागद इंजिनबदलाचा. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि वाळवंटात पेटलेल्या त्या वणव्याची झळ थेट आमच्या वाडीपर्यंत आली. धाकटीचं मूळ इंजिन पेट्रोलचं. अप्पांनी दोन रात्री हिशेब केला आणि तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवलं. त्या काळी अशी हृदयं गावोगाव बदलली जात होती. फक्त आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागे. पुढे गिअरबॉक्स बदलला. केबिनचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला, तो बदलला. हौदा दोनदा बदलला. पाट्यांची पानं किती बदलली त्याला गणती नाही. मग जुनं राहिलं काय? तर चासी आणि तिच्यावर ठोकलेला नंबर. पासिंगच्या वेळी या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. इतिहाससंशोधक शिलालेखाचा घेतात तसाच. फरक इतकाच, की त्यांच्या शिलालेखाला ग्रीस लागलेलं नसतं.

रंगांचाही एक इतिहास आहे. पूर्वी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी; मालवाहू गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी. या शतकाच्या सुरुवातीला नियम बदलला. खासगी गाड्या पांढऱ्या झाल्या आणि आमची पिवळी. १९८९ नंतर नव्या गाड्यांना 'एमएच'च्या पुढे जिल्ह्याचा आकडा मिळाला. धाकटी मात्र जुन्या तीन अक्षरांनिशी फिरते. फाळक्यावर आमच्या पेंटरने 'हॉर्न ओके प्लीज' असं झोकात लिहिलं होतं. २०१५च्या एप्रिलअखेर महाराष्ट्र सरकारने त्यावर बंदी घातली. लोक विनाकारण भोंगे वाजवतात, हे कारण. अक्षरं पुसली. भोंगे पूर्वीसारखेच वाजतात. फक्त आता ते विनंतीवाचून वाजतात.

मग संगणक आला. जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी त्यात चढवताना कुणाच्या तरी बोटाखाली १९६७चं १९८७ झालं. धाकटी एका रात्रीत वीस वर्षांनी तरुण झाली! सौ. म्हणाली, "गप्प बसा. असं नशीब सगळ्यांना मिळत नाही." पण विम्याच्या कागदावर एक साल आणि इथे दुसरं, असं कसं चालेल? तेव्हा 'आमची गाडी आहे त्यापेक्षा तरुण दाखवली आहे, तरी ती कृपया म्हातारी करावी' असा अर्ज मी स्वहस्ते लिहिला. तो वाचून खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा पुसला. म्हातारपण मंजूर व्हायला चार खेपा लागल्या.

आणि ते मंजूर झालं नेमकं कधी, तर म्हाताऱ्या गाड्यांचे दिवस फिरले तेव्हा. २०२१च्या ऑगस्टमध्ये गाड्या भंगारात काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या तपासणीची फी कितीतरी पटींनी वाढली. १ एप्रिल २०२३पासून सरकारने स्वतःच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्याही रस्त्यावरून काढायच्या ठरवल्या. धाकटीने १९७१ सालीच सरकारी नोकरी सोडली होती म्हणून वाचली. चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला, "बाबा, भंगार केंद्रात दिली तर सर्टिफिकेट मिळतं. नव्या गाडीच्या करात सवलत मिळते." मी म्हटलं, "माझंही वय विचारून ठेव. मिळत असेल तर दोघांचं एकदमच घेऊ."

त्याच २०२१ सालच्या जुलैमध्ये मात्र आणखी एक नियम निघाला होता. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून सन्मानाने वेगळा नंबर देण्याचा. मी हरखलो. पुढे वाचलं. गाडी मालवाहू नको. मूळ रूपात हवी. इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार नको. आणि रस्त्यावर रोज फिरवायची नाही. प्रदर्शनं, मिरवणुका, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे जी गाडी आयुष्यभर छपराखाली बसून राहिली ती पन्नाशीनंतर मानकरी, आणि जिने चिरे आणि शेणखत वाहिलं ती भंगार! माणसांतही हाच नियम आहे, तेव्हा गाड्यांना वेगळा न्याय मागण्यात अर्थ नव्हता.

इथवर येईपर्यंत माझं उत्तर दहा पानांचं झालं होतं. शेवटचा पुरावा म्हणून मी इंग्लंडातल्या गाड्यांची तपासणी काढली. ती १९६० साली सुरू झाली, आणि पहिल्यांदा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी होती. मला वाटलं, बघा, साहेबाच्या देशात गाडीला दहा वर्षं कुणी विचारत नव्हतं! पण पुढच्याच ओळीत लिहिलं होतं की, त्यात इतक्या गाड्या नापास झाल्या, की दहाची अट लवकरच सातावर आली आणि १९६७मध्ये तिनावर. म्हणजे सरकारने आधी विश्वास ठेवून पाहिला होता. गाड्यांनीच तो मोडला. १९६७! धाकटीच्या जन्माचं साल. मी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात मिस्त्रींचा निरोप आला, "काका, येऊन बघून जा."

आमचे मिस्त्री धाकटीचे फॅमिली डॉक्टर. त्यांच्या वडिलांनीच तिच्या पोटात डिझेल इंजिन बसवलं होतं. त्यांनी मागचं डावं चाक उतरवून ड्रम काढला होता. आतला लायनर ब्रेक ऑइलने भिजून चिंब झालेला. "व्हील सिलिंडरचं रबर गेलंय," ते म्हणाले. "त्या साहेबांना पेढे द्या."

"एका चाकाचंच ना?" मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "काका, नव्या गाड्यांत दोन लायनी असतात. एक गेली तरी दुसरी धरते. हिच्यात तेल एकच, चारही चाकांना. एका चाकातून सांडलं, की पायाखाली पॅडल थेट फळीला. आणि तेल कधी बदललंय शेवटचं?"

मी उत्तर दिलं नाही. मला १९८३चा मे महिना आठवला.

हंगाम संपवून आम्ही कोल्हापूरहून परत येत होतो. हौद्यात गूळ, अप्पा चाकावर, मी शेजारी. आंबा घाट निम्मा उतरल्यावर अप्पांनी ब्रेक दाबला आणि नुसतेच पाय मारत राहिले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं; जुनं झालं की लवकर उकळतं. ड्रम तापले, तेलाची वाफ झाली, आणि वाफ काही ब्रेक दाबत नाही. हे मी नंतर शिकलो. तेव्हा मला फक्त गिअरचा करकरता आवाज ऐकू आला. अप्पांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, मग त्याच्याही खालच्या, आणि डोंगराकडच्या चरात डावी चाकं उतरवून तिला दरडीला घासत घासत थांबवली. गुळाच्या ढेपा केबिनच्या पत्र्यावर आदळल्या. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात, ती मी एकेक करून सोडवली.

घरी येऊन पुन्हा डबा उघडला. १९८३च्या पासिंगच्या पावतीच्या मागे अप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ब्रेक. दर वर्षी. पावसाळ्याआधी. प्रथम आपण बघायचे, मग साहेबांनी.' त्यानंतरच्या प्रत्येक पावतीच्या मागे ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख होती. अप्पा गेल्यावर ती माझ्या अक्षरात होती. गेल्या तीन पावत्या मागून कोऱ्या.

फी वाढली म्हणून मी सरकारला शिव्या देत होतो. संगणकाची चूक सुधारायला चार खेपा घातल्या होत्या. बाटलीभर तेल मात्र राहून गेलं होतं.

आणि मग आठवला या वर्षीचा गणपती. पासिंगच्या महिनाभर आधीच धाकटीच्या हौद्यात बसून वाडीचा गणपती समुद्राकडे गेला. चाकावर मी. पुढे उताराचा रस्ता, रस्त्यावर ढोल आणि वाडीतली सगळी पोरं. सर्वांत पुढे एक पोरगा झेंडा घेऊन नाचत होता. वेग ताशी दोन मैल, इंग्रजांच्या १८६५च्या कायद्याप्रमाणे अगदी काटेकोर. त्यांच्या मागे मी एका सडलेल्या रबराच्या भरवशावर येत होतो आणि वर 'मोरया' म्हणत होतो. क्रिस्टल पॅलेसच्या आवारातल्या त्या बाईचं भरभर ओलांडलेलं वाक्य आता काही केल्या ओलांडेना.

दहा पानांचं उत्तर मी बंबात घातलं. आमच्या घराण्याच्या इतिहासलेखनाने त्या दिवशी आंघोळीचं पाणी तरी तापवलं.

मिस्त्रींनी चारही चाकांची रबरं बदलली, नवे लायनर बसवले, तेल पूर्ण काढून नवीन भरलं. पुढच्या आठवड्यात धाकटी पुन्हा उभी राहिली. तेच इन्स्पेक्टर. या वेळी त्यांनी चारही चाकांना बोट लावलं, पळवून ब्रेक मारून पाहिला. गाडी रेषेत थांबली. "आता कसं!" ते म्हणाले आणि एका वर्षाचं पासिंग दिलं. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला, तशी ते दचकून दोन पावलं मागे सरले. सरकारी माणसाला कुणी मनापासून काही द्यावं, तर तीही सोय राहिलेली नाही.

योगायोगाने त्याच महिन्यात माझ्या लायसन्सचंही नूतनीकरण होतं. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टर माझे जुने स्नेही. त्यांनी खुर्चीवरून न उठता विचारलं, "दिसतं ना?" मी म्हटलं, "दिसतं." "ऐकू येतं ना?" म्हटलं, "तुमचं आलं." त्यांनी सही ठोकली. मला पाच वर्षं मिळाली.

धाकटीला एक वर्ष आणि मला पाच! माझ्या कुठल्याही चाकाला कुणी बोट लावलं नाही.

नव्या पावतीच्या मागे तारीख घातली आणि डबा बंद केला. सौ. म्हणाली, "बघू तो डॉक्टरांचा कागद." तिने तो दोन्ही बाजूंनी नीट वाचला, फायलीत न ठेवता स्वतःकडे ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला चलायचं. प्रथम आपण बघायचं, मग साहेबांनी."